‘बोर्ड गेलंय’ हे उत्तर नव्हे

बंद पडलेली वस्तू घेऊन दुकानात गेलं की काय होतं, ते तुम्हाला माहीत आहे. काउंटरपलीकडचा माणूस ती हातात घेतो, उलटीपालटी करतो, बटण एकदा दाबून बघतो आणि सांगतो, ‘बोर्ड गेलंय. नवीन घ्या.’ झाकण उघडलेलं नसतं. मीटर लावलेला नसतो. तरी आपण मान डोलावतो, आणि दुकानाची पायरी उतरता उतरता फोनवर नव्या वस्तूच्या किमती बघायला लागतो.

माझं भांडण या दोन शब्दांशी आहे. ‘बोर्ड गेलंय’ हे बहुतेक वेळा निदान नसतं. ‘मी बघणार नाही’ हे सभ्य भाषेत सांगायची ती पद्धत आहे. आणि यात दुकानदाराचा दोष सगळ्यात कमी आहे. कंपनीनं त्याला सर्किटचा नकाशा दिलेला नाही, सुटे भाग त्याला मिळत नाहीत, आणि अर्धा तास डोकं घालून तपासण्याचे पैसे गिऱ्हाईक देत नाही. मग तो तरी का बघेल? दोष आहे तो वस्तू बनवणाऱ्यांचा, त्या खरेदी करणाऱ्या सरकारचा, आणि डिग्री घेऊन बसलेल्या आम्हा इंजिनीअर लोकांचा. आम्ही सगळ्यांनी मिळून असं ठरवून टाकलंय, की वस्तूच्या आत काय चाललंय हे वापरणाऱ्याला कळायची गरज नाही.

मी सॉफ्टवेअर इंजिनीअर आहे. नोकरी पुण्यात, गाव धडगाव. नंदुरबार जिल्ह्यात, सातपुड्याच्या कुशीत, अक्राणी तालुक्याचं ठिकाण. हे भांडण मी एका जुन्या व्हिडिओ गेमच्या डब्यावरून मांडणार आहे. खेळण्यावरून एवढा मोठा वाद कशाला, असं वाटेल. पण खेळणं आहे म्हणूनच ते सोयीचं आहे. त्यात कुणाचा जीव अडकलेला नसतो, त्यामुळे आपण त्याबद्दल काय खरं बोलतो ते स्पष्ट दिसतं. आणि जे खेळण्याबद्दल बोलतो तेच नंतर शेतातल्या पंपाबद्दल बोलतो.

डबा

निन्टेंडोनं जुलै १९८३ मध्ये जपानात ‘फॅमिकॉम’ बाजारात आणला. त्याच्या नकला पुढे जगभर पसरल्या. आपल्याकडे नव्वदच्या दशकात समुराई, मीडिया, लिटल मास्टर ही नावं शहरातल्या मुलांना पाठ होती. धडगावसारख्या ठिकाणी हे प्रकरण उशिरा आणि बिननावाचं पोचलं. आम्ही त्याला नुसतं ‘टीव्ही गेम’ म्हणायचो. पिवळी कॅसेट, तिच्यावर ‘९९९९ इन १’ असं छापलेलं, आणि आत फिरून फिरून तेच पंधरा-वीस गेम. मारिओ, कॉन्ट्रा, बदकं मारायची बंदूक.

आमचा डबा मात्र बाजारातून आला तसा राहिला नव्हता. २००८च्या आसपासची गोष्ट. भारनियमनाचे दिवस होते आणि आमच्याकडे वीज असण्यापेक्षा नसायचीच जास्त. घरात चौदा इंची ब्लॅक अँड व्हाइट टीव्ही होता. तो जीपच्या १२ व्होल्टच्या बॅटरीवर चालायचा. प्रश्न होता गेमचा. त्याला ९ व्होल्टचा अडॅप्टर लागायचा आणि अडॅप्टरला लाइट लागायची. रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान चालवणाऱ्या नानांनी तो डबा उघडला आणि दोन दिवसांनी बॅटरीच्या दोन चिमट्यांसकट परत दिला. मागच्या बाजूला एक सरकतं बटण बसवलेलं: एकीकडे केलं की अडॅप्टर, दुसरीकडे केलं की बॅटरी. अख्ख्या गल्लीनं तो खेळला.

हा डबा गेल्या वर्षी माझ्या चुलतभावानं नाशिकला नेला. तो तिथे इलेक्ट्रॉनिक्सची डिग्री करतो. होस्टेलवर जुने गेम खेळायची सध्या फॅशन आहे, त्याला ‘रेट्रो’ म्हणतात. डबा चालू होईना. एका दुकानात दाखवला. झाकण न उघडता उत्तर आलं: बोर्ड गेलंय, त्यात लोकल काम केलंय, आता होणार नाही.

‘लोकल काम केलंय.’ हे शब्द लक्षात ठेवा, त्यांच्याकडे परत यायचं आहे.

दिवाळीत तो डबा धडगावला आला आणि आम्ही दोघांनी उघडला. चार साधे स्क्रू. झाकणाच्या आतल्या बाजूला एक कागद चिकटवलेला होता, वहीचा, रेघांचा, कडा पिवळ्या पडलेल्या. त्यावर बॉलपेननं काढलेलं सर्किट आणि खाली तीन ओळी:

‘फ्यूज १ अँपिअर. उडाला तर तार बांधू नये. चिमटे उलट लावले तर चालणार नाही, जळणार पण नाही.’

नानांचं शिक्षण नववीपर्यंत. मी आजवर ज्या कंपन्यांची उपकरणं विकत घेतली, त्यांतल्या एकीनंही मला माझ्या वस्तूचा नकाशा दिलेला नाही.

करंट कुठपर्यंत येतो?

आता निदान कसं करतात ते सांगतो, कारण ‘बोर्ड गेलंय’ या वाक्यानं जे टाळलं जातं ते नेमकं हेच आहे. यासाठी काही शे रुपयांचा डिजिटल मल्टिमीटर पुरतो. नियम एकच. नाना दुकानात पोरांना सांगायचे, ‘करंट कठेलोंग येस, ते पहिले देख.’ वीज कुठपर्यंत पोचते ते आधी बघ. जिथे पोचते आणि जिथे पोचत नाही, त्या दोन जागांच्या मधेच आजार असतो.

पहिली जागा अडॅप्टर. आमच्या जुन्या अडॅप्टरवर ९ व्होल्ट लिहिलेलं होतं, मीटरनं साडेबारा दाखवले. हे बिघाडाचं लक्षण नाही. आत ट्रान्सफॉर्मर असलेले जुने अडॅप्टर काही न जोडता मोजले तर छापलेल्या आकड्यापेक्षा जास्तच दाखवतात. भार पडला की खाली येतात.

पण इथेच एक सापळा आहे. फॅमिकॉम आणि त्याच्या अनेक नकलांमध्ये अडॅप्टरच्या पिनची आतली बाजू ऋण असते आणि बाहेरची धन. आज घरोघरी जे अडॅप्टर पडलेले असतात, सीसीटीव्हीचे, राउटरचे, त्यांत बहुतेक वेळा आत धन असतं. पिन दिसायला सारखीच, बसतेही नीट. असा अडॅप्टर या डब्याला लावला तर डबा चालू होणार नाही, आणि आत संरक्षण नसेल तर खरोखरच जळेल. दुकानात हाताशी असलेला अडॅप्टर लावून ‘गेलंय’ म्हणणं किती सोपं आहे बघा. अशा बहुतेक अडॅप्टरवर एक छोटं चित्र छापलेलं असतं, मधे ठिपका आणि भोवती अर्धगोल, बाजूला अधिक-उण्याच्या खुणा. ते वाचायला पाच सेकंद लागतात.

दुसरी जागा ते सरकतं बटण. बटणाच्या कडेच्या पायावर साडेबारा व्होल्ट. बटण अडॅप्टरच्या बाजूला ठेवून मधल्या पायावर मोजलं, शून्य. बॅटरीच्या बाजूला सरकवून बॅटरी जोडली, पुन्हा तेच: कडेला वीज, मधे शून्य. म्हणजे करंट बटणापर्यंत येत होता आणि तिथेच थांबत होता. सतरा पावसाळे खाल्लेल्या बटणाचे आतले पत्रे काळे पडले होते. बोर्डापर्यंत वीज पोचतच नव्हती. ज्या बोर्डाला मृत ठरवलं होतं, त्याची कुणी चौकशीच केली नव्हती.

पंधरा रुपयांचं नवं बटण टाकलं. लाल दिवा लागला, चित्र आलं, पण त्यात जाड काळे पट्टे वर सरकत होते. हाही ओळखीचा आजार. अडॅप्टरमधून येणारी वीज सपाट नसते, तिच्यात लाटा असतात, आणि त्या भरून काढायला एक मोठा कपॅसिटर लागतो. असल्या कपॅसिटरमध्ये ओला रसायनाचा थर असतो आणि वर्षानुवर्षांत तो सुकतो. १००० मायक्रोफॅरडचा एक कपॅसिटर, तोही दहा-पंधरा रुपयांच्या आसपासचा. बदलला, पट्टे गेले.

तीस रुपये आणि एक दुपार. भाऊ मला म्हणाला, ‘दादा, ७८०५चे तीन पाय मी व्हायवात सांगितलेत. पण तो खऱ्या वस्तूत बसलेला आज पहिल्यांदा बघितला.’ ७८०५ हा तीन पायांचा तो भाग, जो वरून येणारे जास्तीचे व्होल्ट घेऊन खाली बरोबर ५ देतो. डब्यातल्या चिपचं जेवण म्हणजे ते ५ व्होल्ट. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुसऱ्या वर्षाचा हुशार मुलगा. दोष त्याचा नाही. त्याच्या अभ्यासक्रमात बंद पडलेली एकही वस्तू नाही.

जुगाड म्हणू नका

आता त्या ‘लोकल काम’कडे येऊ. नानांनी काय केलं होतं?

जीपची बॅटरी भरलेली असताना १२.६ व्होल्ट देते. हा डबा साधारण ०.३ अँपिअर घेतो. ते सगळे १२.६ व्होल्ट थेट ७८०५ला दिले, तर जास्तीचे साडेसात व्होल्ट तो उष्णता करून उडवतो, म्हणजे सव्वादोन वॉटच्या आसपास. बंद प्लास्टिकच्या डब्यात, मे महिन्यात, तो पोळण्याइतका तापणार. म्हणून नानांनी बॅटरीच्या वाटेवर १० ओहमचा, ५ वॉटचा पांढरा रेझिस्टर घातला. ३ व्होल्ट त्यानं खाल्ले. पुढे एक डायोड, त्याचे ०.७ व्होल्ट. उरले ८.९. ७८०५ला नीट चालायला किमान सातेक व्होल्ट लागतात, त्यामुळे बॅटरी अर्धी उतरली तरी खेळ चालू राहणार. उष्णता दोन जागी वाटली गेली, आणि ७८०५ला अॅल्युमिनियमची पट्टी लावून तीही कमी केली. डायोड एकाच दिशेनं वीज जाऊ देतो, त्यामुळे अंधारात पोरांनी चिमटे उलटे लावले तरी बोर्डाला धक्का नाही. डायोड बटणाच्या पुढे, दोन्ही वाटा जिथे एक होतात तिथे बसवलेला. म्हणजे २००८मध्ये घातलेला तो डायोड आजच्या उलट्या पिनच्या अडॅप्टरपासूनही वाचवतो. आणि तरी काही झालंच तर फ्यूज.

भार, उष्णता, उतरलेली बॅटरी, वापरणाऱ्याची चूक, पुढच्या दुरुस्ती करणाऱ्यासाठी नोंद. मी ज्या कंपनीत काम करतो तिथे एवढ्या गोष्टींचा विचार केलेला असला तर त्याला ‘रोबस्ट डिझाइन’ म्हणतात, त्यावर प्रेझेंटेशन होतं. तेच धडगावच्या पत्र्याच्या दुकानात झालं की त्याला ‘जुगाड’ म्हणतात.

हा शब्द मला आता सहन होत नाही. मॅनेजमेंटच्या पुस्तकांनी त्याची आरती केली, टेड टॉकवाल्यांनी त्याला भारताचा आत्मा ठरवला. वर वर कौतुक, आत अपमान. जुगाड म्हणजे हिशोब न करता जमवलेलं काहीतरी, नशिबानं चाललेलं. एकदा जुगाड म्हटलं की त्या माणसाला इंजिनीअर म्हणावं लागत नाही, त्याच्या ज्ञानाचे पैसे द्यावे लागत नाहीत, आणि त्याचं काम दुकानात आलं की ‘लोकल काम केलंय’ म्हणून बाजूला सारता येतं. नानांचं दुकान आजही आहे. आता तिथे मोबाइलची कव्हरं आणि टेम्पर्ड ग्लास मिळतात. त्यांच्या मुलाला मी विचारलं तर म्हणाला, ‘उघडायला काही राहिलंच नाही. सगळं चिकटवलेलं येतं.’

कुलूप कुणी लावलं?

तो म्हणतो ते खरं आहे, आणि हे आपोआप झालेलं नाही. गेमच्या डब्यांचा इतिहासच याला साक्षीदार आहे.

जपानी फॅमिकॉममध्ये कुलूप नव्हतं. १९८५मध्ये निन्टेंडोनं अमेरिकेत तोच डबा ‘एनईएस’ नावानं नेला, तेव्हा आत एक जास्तीची चिप घातली. कॅसेटमध्ये तिची जोडीदार चिप असायची. दोघींची ओळख पटली तरच खेळ सुरू, नाही तर डबा सेकंदा-सेकंदाला स्वतःला रीसेट करत राहायचा. हेतू होता परवानगीशिवाय बनवलेली कॅसेट चालू न देण्याचा. पण काही वर्षांनी कॅसेट बसायची ती ७२ पिनांची खाच सैल व्हायला लागली. पिना नीट टेकेनात, चिपला चिप दिसेना, आणि पैसे मोजून घेतलेली अस्सल कॅसेट घातली तरी लाल दिवा लुकलुकत राहायचा. लाखो घरांत ‘गेम बिघडला’. खरं तर खेळ चालायला पुरेसा संपर्क पुष्कळदा असायचा, पहारेकरी मात्र समाधानी नसायचा. लोकांनी उपाय शोधला: त्या चिपचा चौथा पाय बोर्डापासून सोडवायचा. डबा पुन्हा चालू. १९९३मध्ये निन्टेंडोनं एनईएसचं नवं मॉडेल काढलं, त्यात ती चिप त्यांनी स्वतःच घातली नाही.

म्हणजे जगातल्या सगळ्यात प्रसिद्ध गेम कन्सोलमधला सगळ्यात प्रसिद्ध ‘मॉडिफिकेशन’ ही मुळात दुरुस्ती आहे. आमच्या डब्यातही तेच. नानांनी डबा बदलला म्हणून तो धडगावात चालला. बदल आणि दुरुस्ती यांच्यातली रेघ कंपनीच्या सोयीची आहे.

ही रेघ आता कायद्यात गेली आहे. पुढच्या कन्सोलमध्ये डिस्कचा ड्राइव्ह मदरबोर्डाशी जोडीनं बांधला गेला. ड्राइव्ह बिघडला आणि दुसरा बसवला तर यंत्र तो ओळखायला नकार देतं. अमेरिकेत हा ड्राइव्ह बदलण्यासाठी सॉफ्टवेअरचं कुलूप उघडायला २०२१मध्ये कॉपीराइट कायद्यातून खास सूट द्यावी लागली. स्वतःच्या पैशानं घेतलेल्या यंत्राचा मोडका भाग बदलायला सूट! आणि २०२३मध्ये कॅलिफोर्निया व मिनेसोटानं, २०२४मध्ये ओरेगॉननं दुरुस्तीच्या हक्काचे कायदे केले, तेव्हा त्या तिन्ही कायद्यांतून गेम कन्सोल वगळले गेले. कारण सांगितलं जातं पायरसीचं.

आपल्याकडे? ग्राहक व्यवहार विभागानं २०२२मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली. शेतीची यंत्रं, मोबाइल-टॅब्लेट, घरगुती उपकरणं, वाहनं ही चार क्षेत्रं ठरवली. त्याच वर्षी डिसेंबरात पोर्टल आलं. २०२४मध्ये दुरुस्ती-निर्देशांकासाठी आणखी एक समिती आली. फ्रान्समध्ये असा दहापैकी गुण देणारा निर्देशांक जानेवारी २०२१पासून दुकानातल्या किमतीच्या पाटीशेजारी लावलेला असतो. आपल्याकडे पोर्टल आहे. पोर्टलवर जाऊन कंपनीच्या ग्राहक सेवा केंद्राचा नंबर मिळतो, आणि तिथे फोन केला की काय ऐकू येतं ते या लेखाच्या शीर्षकात आहे.

पण, पण, पण

समोरची बाजूही मला माहीत आहे. तिचे चार मुद्दे आहेत आणि ते पोकळ नाहीत.

पहिला, सुरक्षितता. खरं आहे. आजच्या अडॅप्टरच्या आत, प्लग काढल्यावरही, मोठ्या कपॅसिटरमध्ये तीनशे व्होल्टच्या वर वीज साठून राहिलेली असू शकते. लिथियमच्या सेलला चुकून टोचलं तर आग लागते. माहिती नसेल तर अशा वस्तू उघडू नका, हे मीही सांगेन. पण धोका आहे म्हणून माहिती लपवणं हा उपाय कसा? रस्त्यावर घाट आहे म्हणून वळणाच्या पाट्या काढून टाकतात का? धोका कुठे आहे हे सांगणारा नकाशा हवा. नानांनी ‘तार बांधू नये’ लिहिलं, ते याच कारणानं.

दुसरा, पायरसी. ‘९९९९ इन १’ची कॅसेट काही निन्टेंडोच्या आशीर्वादानं आली नव्हती, हे मान्य. पण काळ्या पडलेल्या बटणातून कोणता गेम चोरीला जातो? वीज पोचवणारी बाजू आणि गेम ओळखणारी बाजू या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. चोर पकडायचा म्हणून अख्ख्या गावाच्या दारांना बाहेरून कुलूप लावायचं, असा हा न्याय आहे.

तिसरा, परवडत नाही. असला डबा आता हजाराच्या आत नवा मिळतो, मग दुपार कशाला घालवायची? हा हिशोब पुण्यात माझ्या पगारावर बरोबर आहे. धडगावात नाही. तिथे हजार रुपये म्हणजे दोन-तीन दिवसांची मजुरी आणि तीस रुपये म्हणजे तीस रुपये. शिवाय फेकलेला डबा कुठे जातो? ई-कचऱ्याचे नवे नियम एप्रिल २०२३पासून लागू आहेत. त्यांत सगळा भर वस्तू मोडून आतला धातू परत मिळवण्यावर आहे. चालती होऊ शकणारी वस्तू आधी चालती करा, हा विचार त्यांत दुबळा आहे.

चौथा, आताच्या चिपा इतक्या बारीक आहेत की हातानं काही करता येत नाही. अर्धसत्य. आमच्या डब्यातली मुख्य चिपही काळ्या डांबरासारख्या थेंबाखाली गाडलेली आहे, ती कुणीच दुरुस्त करू शकत नाही. पण ती गेलीच नव्हती. वस्तू चालू होत नाही तेव्हा पहिला संशय घ्यायचा तो पिन, बटण, फ्यूज, वायर, कपॅसिटर, बॅटरी यांचा. हे भाग हलतात, तापतात, सुकतात, गंजतात. आणि ते आजही बोटांत धरता येतील एवढे मोठे आहेत.

खेळण्याच्या पलीकडे

आता डबा बाजूला ठेवू.

धडगावहून नंदुरबारला जायचं तर घाट उतरावा लागतो. पावसाळ्यात चांदसैली घाटात दरड कोसळली की रस्ताच बंद. अशा ठिकाणी ‘सर्व्हिस सेंटरला घेऊन जा’ या सल्ल्याचा अर्थ काय होतो? मजुरीचा एक दिवस, जीपचं भाडं, आणि समोर पुन्हा तेच दोन शब्द. बंद वस्तू घेऊन घाट उतरायचा आणि बंद वस्तू घेऊन घाट चढायचा. शहरात दुरुस्ती न होणं ही गैरसोय असते. डोंगरात तिचा अर्थ ती वस्तू तुमच्यासाठी संपली असा होतो.

आणि वस्तू आता खेळण्यांपुरत्या राहिलेल्या नाहीत. पाड्यापाड्यावर सोलरचे दिवे आहेत, शाळेत टॅब्लेट आहेत, शेतात सौर पंप येतायत. ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजनेत आदिवासी शेतकऱ्याला पाच टक्के हिस्सा भरून पंप मिळतो, सोबत पाच वर्षांची दुरुस्तीची हमी. योजना चांगली आहे, मी तिच्या बाजूचा आहे. माझा प्रश्न सहाव्या वर्षाचा आहे. पॅनेल वीस-पंचवीस वर्षं टिकतं. मधला कंट्रोलर तेवढा टिकत नाही, त्यातही कपॅसिटर आहेत आणि तेही सुकतात. सहाव्या वर्षी कंट्रोलरचा दिवा लागला नाही, तर त्याचा नकाशा कुणाकडे असेल? पंधरा रुपयांच्या भागासाठी अख्खं शेत कोरडं राहणार का?

आमच्या तालुक्याला याचं उत्तर एकेकाळी माहीत होतं. धडगाव तालुक्यात बिलगाव आहे, उदई नदीच्या काठी. ग्रिडची वीज तिथे पोचली नव्हती. २००३मध्ये गावकऱ्यांनी श्रमदानानं बंधारा बांधला, केरळहून आलेले तरुण अभियंते आणि नर्मदा बचाव आंदोलन सोबत होतं, आणि पडत्या पाण्यावर १५ किलोवॉटचा छोटा जलविद्युत प्रकल्प उभा राहिला. ‘स्वदेस’ सिनेमातल्या वीजनिर्मितीच्या प्रसंगामागे बिलगावची प्रेरणा असल्याचं सांगतात. सिनेमात दिवा लागतो आणि टाळ्या पडतात. मला त्यापेक्षा महत्त्वाचं वाटतं ते हे: ज्यांनी दगड वाहिले त्यांना त्या यंत्राचं पाणी कुठून येतं आणि वीज कुठे जाते हे ठाऊक होतं. करंट कुठपर्यंत येतो, हे अख्ख्या गावाला माहीत होतं. २००६मध्ये सरदार सरोवराच्या फुगलेल्या पाण्यात तो प्रकल्प बुडाला. यंत्र बिघडलं म्हणून तो बंद पडला नाही.

त्या गावाला कुणी ‘तुम्हाला कळणार नाही’ म्हणून थांबवलं नव्हतं. आज त्याच डोंगरात जी यंत्रं येतायत ती सील होऊन येतायत, आणि सोबत एक टोल-फ्री नंबर असतो. रेंज असेल तर लागतो.

मग काय करायचं?

सरकारला: दुरुस्तीच्या हक्काचा कायदा करा. समित्या पुष्कळ झाल्या. त्यात सर्किटचा नकाशा, सुटे भाग आणि लागणारं सॉफ्टवेअर कुणालाही वाजवी दरात मिळेल असं लिहा, आणि कन्सोलसकट कुठलीही वस्तू वगळू नका. तोवर एक गोष्ट कायद्याशिवायही करता येते. सरकार जे पंप, दिवे, टॅब्लेट विकत घेतं, त्यांच्या टेंडरमध्ये एक अट घाला: नकाशा आणि सुट्या भागांची यादी तालुक्याच्या आयटीआयला दिल्याशिवाय बिल निघणार नाही.

इंजिनीअरिंग कॉलेजांना: प्रत्येक विद्यार्थ्याला दर सत्रात एक बंद पडलेली वस्तू द्या आणि ती कुठे थांबली आहे ते लिहून आणायला सांगा. चालू झाली नाही तरी गुण द्या, कुठे थांबली ते बरोबर सापडलं तर. आणि शिकवायला नानांसारख्या माणसाला बोलवा, मानधन देऊन.

माझ्या सॉफ्टवेअरवाल्या भाऊबंदांना: अस्सल पण बदललेला भाग ओळखायला नकार देणारा कोड आपल्यापैकीच कुणीतरी लिहितो. वरून रिक्वायरमेंट आली, हे कारण आपण किती दिवस सांगणार? निदान मीटिंगमध्ये एकदा विचारा, की या कुलपानं नेमकं कुणाचं रक्षण होतंय.

आणि तुम्हाला, हे फोनवर वाचणाऱ्यांना. पुढच्या वेळी कुणी ‘बोर्ड गेलंय’ म्हणालं तर भांडू नका, चार प्रश्न विचारा. झाकण उघडलं का? कुठे किती व्होल्ट मिळाले? करंट कुठे थांबला? कोणता भाग बदलून पाहिला? उत्तरं नसतील तर वस्तू परत घ्या आणि दुसरीकडे जा. उत्तरं मिळाली तर, वस्तू चालू होवो न होवो, तपासण्याचे पैसे द्या. शंभर म्हणाला तर शंभर द्या, घासाघीस करू नका. ज्याच्याकडे अजून मीटर आहे आणि जो झाकण उघडायला तयार आहे, त्यानं उद्याही दुकान उघडावं यासाठी ते शंभर रुपये आहेत.